आधी इचार

२००४ च्या उन्हाळ्यात पिरंगुटच्या बसथांब्यावर अकिन्यीने हौसाबाईंचा अंबाडा भर गर्दीत सोडला. त्याआधी हौसाबाईंनी तिची एक वेणी ओढून पाहिली होती.

"अगं ए! काय करतीस?"

"इचारलं का, मावशी? तू धरलंस, मी बी धरलं."

अकिन्यी केनियाची. पुण्यात कॉलेजला जायची आणि हौसाबाईंच्या चाळीत भाड्याने राहायची. मी समोरच्या खोलीत होतो. मराठी ती चाळीच्या नळावर शिकली, त्यामुळे बोलायची ती तिथलीच भाषा. तिच्या वेण्या बघून वर्षभर हौसाबाईंनी दम धरला होता, त्या दिवशी सुटला.

तिच्या बारीक वेण्यांत कधी लाल दोरा असे, कधी मणी. एकदा तिने कवड्या ओवल्या. देवीची जोगतीण समजून एका म्हातारीने सूपभर तांदूळ आणून दिले. अकिन्यीने ते शिजवले आणि चाळीला जेवू घातलं.

विचारल्याशिवाय केसांना हात लावायचा नाही, हा तिचा नियम. लावला, तर फेड तिथल्या तिथे. एका कंडक्टरने वेणी चाचपली, तर तिने त्याची मिशी धरली. बस सुटायला उशीर झाला.

चाळीतल्या पोरींनी नियम उचलला. गाल ओढणाऱ्या पाहुण्यांना त्या "इचारलं का?" म्हणू लागल्या.

"पोरी बिघडवल्या माज्या," हौसाबाई म्हणत. पण पाहुण्यांना समज द्यायला त्याच पुढे असत.

२००६ मध्ये परीक्षा संपली आणि अकिन्यी पौडच्या न्हाव्याकडून डोकं पूर्ण भादरून आली. नळावर बाया जमल्या होत्या.

"तिरुपतीला गेलतीस व्हय? लाडू कुटं हाय?"

एकीने हसत तिच्या टकलावरून हात फिरवला. अकिन्यीने उलट हात लावला नाही.

हौसाबाईंनी डोक्यावरचा हंडा खाली ठेवला.

"कोण गेलं गं?"

"आई. परीक्षा हुती म्हणून घरच्यांनी माती झाल्यावर सांगितलं. आमच्यात आई गेली की केस काढत्यात, मावशी. तितं समदे मिळून काढत्यात. मी हितं एकटीच गेले."

हौसाबाईंनी पदराला हात पुसले.

"इचारते हां," त्या म्हणाल्या. "लावू का हात?"

अकिन्यी त्यांच्यापुढे खाली बसली.