नऊ वर्षांचं ऐकायचं राहिलेलं

तज्ज्ञाला न दाखवता काउंटरवर घेतलेल्या श्रवणयंत्रातून आधी मागचं ऐकायचं राहिलेलं सगळं ऐकून संपवावं लागतं, मगच चालू बोलणं लागतं, हे बाळगोंडा मगदूम यांना यंत्र कानात घातल्यावर समजलं.

यंत्र घेतलं बुधवारी सकाळी, जयसिंगपुरात, घराजवळच्या मेडिकलमध्ये. खोकल्याचं औषध आणि गुडघ्याचा पट्टा यांच्या मधोमध ते टांगलेलं होतं. बाळगोंडांना सगळे आप्पा म्हणत. बरोबर त्यांची सून सुनीती होती. लग्नाला बेचाळीस दिवस झाले होते. मागून वाहन आलं की छत्रीच्या टोकाने सासऱ्यांना रस्त्याच्या कडेला घ्यायचं, हे काम न सांगताच तिच्याकडे आलं होतं.

"एकदा सांगलीला तज्ज्ञाला दाखवा की आप्पा, मग घ्या," मेडिकलवाला महावीर म्हणाला.

आप्पांना ऐकू आलं नाही, पण तो काय म्हणणार ते त्यांना ठाऊक होतं. "बंद खोलीत बसवणार, पिंपिं वाजवणार, अन् ऐकू आलं काय म्हणून विचारणार. ऐकू आलं असतं तर त्याच्याकडं कशाला गेलो असतो?"

महावीरने सुनीतीकडे पाहिलं. सुनीतीने फरशीकडे पाहिलं. यंत्र पिशवीत गेलं.

आप्पांना घाई होती. अडतीस वर्षं त्यांनी घराला लागून असलेली पिठाची गिरणी चालवली होती आणि तिच्याच घरघरीने गेल्या नऊ वर्षांत त्यांचे कान गेले होते. गिरणीवाला कानांनी दळतो. वरचं धान्य संपत आलं की दगडांचा आवाज बदलतो, आणि तेव्हा लगेच दगड वेगळे करावे लागतात. मुलाच्या लग्नाच्या आठवड्यात आप्पांकडून ते दोनदा राहिलं. ठिणग्या उडाल्या, जळका वास चौकापर्यंत गेला. त्याच संध्याकाळी आप्पांनी गिरणी विकायला काढली. येत्या रविवारी इचलकरंजीचे खोत नावाचे गृहस्थ सौदा करायला येणार होते, आणि सौद्यात समोरचा हळू आवाजात काय बोलतो ते ऐकू यायला हवं होतं.

घरी येऊन आप्पांनी यंत्र कानात घातलं. आत एका बाईने स्वच्छ आवाजात सांगितलं, "बारा जुलै, नऊ वर्षांपूर्वी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. पत्नी." मग त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, दूध उतू चाललंय."

आप्पा धावत स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी गॅस बंद केला. त्यावर भाकरी होती.

"आता काय झालं वो?" सुनीतीच्या सासूबाई, म्हणजे अव्वा, म्हणाल्या. हे वाक्य रांगेत शेवटी जाऊन उभं राहिलं.

संध्याकाळपर्यंत आप्पांनी बाजारातून कोथिंबीर आणली, चार वर्षांपूर्वी मेलेलं मांजर दुधापासून हाकललं, आणि गच्चीवर काम करणाऱ्या गवंड्याला चहाला खाली बोलावलं. गवंडी आता दुबईत होता.

सुनीती एकटीच मेडिकलमध्ये गेली. महावीरने माहितीपत्रक उलगडलं. ते टेबलावर मावेना.

"तज्ज्ञाकडनं घेतलं की ते मागचं सगळं निकालात काढून देतात, वैनी. त्याचीच तर फी असते. काउंटरवर घेतलं की मागचं गिऱ्हाइकानं स्वतः ऐकायचं."

"आता नेलं तज्ज्ञांकडे तर?"

"सील फोडलेलं यंत्र ते हातात घेत नाहीत." महावीरने कागदावर हिशेब मांडला. "रोज सोळा तास ऐकलं, तर दिवाळीच्या आसपास चालू बोलणं लागेल."

सुनीतीने हिशेबाचा कागद घडी करून घेतला. पण तिला दिवाळी चालणार नव्हती.

गोष्ट अशी होती, की लग्नाच्या नवव्या दिवशी सुनीती गिरणीत चहा घेऊन गेली होती. लहानपणी सुट्ट्यांमध्ये तिने मामांचं मिरची कांडप चालवलं होतं, आणि या घरात आल्यापासून तिसऱ्याच दिवशी तिला पलीकडच्या खोलीत बसून दगडावर गहू आहे की ज्वारी ते कळायला लागलं होतं. तिने कप पुढे केला आणि तिला जो आवाज होता त्या आवाजात विचारलं, "आप्पा, गिरणी विकू नका. मी चालवू का?"

आप्पा म्हणाले, "ठेव तिथं."

तिने कप ठेवला आणि ती परत आली. रात्री नवऱ्याला, अभिनंदनला, सांगितलं. तो साखर कारखान्यात होता आणि शांत स्वभावाचा होता. "ठेव तिथं म्हणाले? म्हणजे विचार चालू आहे," असं त्याचं मत पडलं.

घरातली माणसं आप्पांशी बोलताना जो आवाज लावत तो सुनीतीकडे नव्हता. एकदा न्हाणीघरात तिने तो लावून बघितला होता. बाहेरून अव्वांनी विचारलं होतं, "ठसका लागला काय गं?"

बुधवारी संध्याकाळी तिने आपला प्रश्न चिठ्ठीवर लिहून आप्पांसमोर धरला. आप्पांनी चिठ्ठी घेतली, न वाचता घडी केली आणि खिशात ठेवली.

"हे बघ पोरी," ते म्हणाले. "माझ्या गिरणीत अडतीस वर्षांत एक डबा नंबर सोडून पुढं सरकला नाही. आमदाराचासुद्धा नाही. चिठ्ठी म्हंजे मागच्या दारानं. तुझं जे काय असंल ते नंबर आला की ऐकतो."

मग ते नऊ वर्षांपूर्वीच्या ऑगस्टकडे वळले.

वाट एकच होती आणि ती माहितीपत्रकातच होती. बोलणारा स्वतः यंत्राजवळ येऊन, नाव सांगून, "माझं बोलणं मी परत घेतो" असं म्हणाला, तर ते रांगेतून निघून जाई. हे आप्पांना मान्य होतं, कारण गिरणीतही ज्याचा नंबर आहे तो आपला डबा उचलून घरी जाऊ शकत असे.

गुरुवारी सकाळी साडेसहाला दारात रांग लागली. सुनीतीने फक्त महावीरला सांगितलं होतं, पण औषधं सगळ्यांनाच लागतात. नऊ वर्षं गिऱ्हाइकांनी गिरणीत उभं राहून आप्पांच्या तोंडावर, हसत हसत, काय वाटेल ते म्हटलेलं होतं. सवयीने काहींनी डबेही आणले होते.

"आप्पा पीठ मारतो असं मी म्हटलंवतं," चौगुले काकू यंत्रापाशी वाकून म्हणाल्या. "एकदाच. बरं, दोनदा. ते परत."

यंत्राने बारीक टिंग केलं.

"मी तसं कुणाविषयी वाईट बोलत नाही," हायस्कूलचे उपाध्ये सर म्हणाले. "पण असलंच, तर परत." तीन वेळा टिंग झालं. सर छत्री विसरून गेले.

अभिनंदन कारखान्याला जाता जाता उभ्या उभ्या म्हणाला, "माझं सगळंच्या सगळं परत, बारावीच्या निकालाच्या दिवशीचं धरून." टिंग बराच वेळ चाललं. सुनीतीने नवऱ्याकडे नव्याने पाहिलं.

आप्पांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ते प्रत्येकाला हात जोडत होते आणि अधूनमधून एखाद्या जुन्या पावसाळ्याला उत्तर देत होते.

गेलेल्या माणसांचं बोलणं मात्र कोणालाच परत घेता येत नाही, म्हणून ते यंत्रात रांगेबाहेर वेगळं असतं. आप्पांची थोरली बहीण तीन वर्षांपूर्वी वारली होती. तिची चाळीस मिनिटं होती. ती आप्पांनी शुक्रवारी दुपारी, झोपाळ्यावर, डोळे मिटून ऐकली. मध्ये एकदा "होय की गं आक्का" म्हणाले. त्या वेळात घरात कोणी भांडं वाजवलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी महावीर घरी येऊन यंत्र तपासून गेला. "गल्लीचं सगळं गेलं. आता जे उरलंय ते जवळजवळ सगळं अव्वांचं हाय. ते एवढं हाय, की दिवाळी फार तर चार दिवस अलीकडं येईल."

अव्वा भाकऱ्या थापत होत्या. सुनीती त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि बराच वेळ बसूनच राहिली.

"बोल," अव्वा म्हणाल्या. "तू गप्प बसलीस की मला काम सुचत नाही."

"तुमचं बोलणं परत घ्याल का, अव्वा?"

"परत घ्यायला ते काय उसनं दिलेलं पातेलं हाय? मी बोलले ते त्यांच्यासाठी बोलले. ज्याचं त्यानं ऐकावं. नऊ वर्षं भिंतीशी बोलावं तसं बोललेय मी. आत्ता कुठं कान आले, अन् आत्ता परत घेऊ?"

सुनीतीला ते पटलं.

"तुझं किती हाय त्यात?" अव्वांनी विचारलं.

"एक."

"एक काय?"

"एक वाक्य."

अव्वांचा हात भाकरीवर थांबला. "एवढ्या दिवसांत?"

"आप्पांशी एकच."

ते कोणतं, हेही तिने सांगितलं. अव्वांनी भाकरी उलटली, फुगू दिली, पाटीत टाकली. मग पुढची थापायला घेतली. गिरणीचं पीठ अडतीस वर्षं त्यांच्याही केसांत, लुगड्यांत आणि झोपेत होतं, आणि ते कधी एकदा थांबतं याची त्या वाट बघत होत्या. हे सुनीतीला माहीत होतं. म्हणून तिने फक्त माहितीपत्रक उलटून मागच्या बाजूची एक ओळ वाचून दाखवली. परत घेण्याआधी बोलणाऱ्याला आपलं बोलणं तपासून बघता येतं.

"तपासते की," अव्वा म्हणाल्या. "मी काय भिते?"

शनिवारी जेवणं झाल्यावर अव्वांनी यंत्र स्वतःच्या कानात घातलं. पहिला तासभर त्या मान डोलवत होत्या. त्यांचं स्वतःशी चांगलं जमत होतं. मग डोलणं कमी झालं. तीनच्या सुमारास त्या कपाळाला आठ्या घालून बसल्या. दिवेलागणीला त्यांनी यंत्र काढून मांडीवर ठेवलं.

"सुनीती," त्या म्हणाल्या, "पंखा बंद करा."

सुनीती उठली.

"तुला नव्हे गं. हे असंच हाय सगळं. पंखा बंद करा. चहा निवला. टॉवेल दोरीवर टाका. पंखा. दोन वर्षं तर मी नुसत्या पंख्यावर काढलीत. मला वाटायचं मी यांना केवढं काय काय सांगितलंय, आणि यांनी ऐकलं नाही." त्यांनी पदराने यंत्र पुसलं. "यासाठी घसा कोरडा केला होय मी?"

"तसं नाही, अव्वा."

"तसंच हाय. ने म्हणावं सगळं." त्या यंत्राजवळ वाकल्या. "पद्मावती बाळगोंडा मगदूम. माझं बोलणं मी परत घेते. एक सोडून."

टिंग सुरू झालं. ते जेवणं होईपर्यंत चालू होतं.

"कोणतं ठेवलंत?" सुनीतीने विचारलं.

"गिरणीचं. ते अकराशे वेळा म्हटलेलं, त्यातलं सगळ्यात पहिलं." अव्वांनी तिच्याकडे सरळ बघितलं. "तुझ्या आधीचा नंबर हाय माझा. आधी माझं ऐकू दे त्यांना. मग तुझं नशीब."

सुनीतीने मान हलवली. नंबर अव्वांचाच होता.

रविवारी नऊ वाजता खोत आले. गिरणी चालू होती. आप्पांनी त्यांना दारातली खुर्ची दिली. खोतांनी दगड बघितले, पट्टा बघितला, मोटार बघितली आणि वीस मिनिटं बोलले. आप्पा मान तिरकी करून उभे होते. अव्वा आणि सुनीती घराच्या उंबऱ्यात होत्या.

यंत्रात बाई म्हणाली, "पत्नी." मग अव्वांचा आठ वर्षांपूर्वीचा आवाज आला, आताच्यापेक्षा थोडा कोवळा. "अहो, गिरणी बंद करा आता. कधीतरी माझ्यासमोर बसून जेवा."

आप्पांनी बटण बंद केलं. पट्टा हळूहळू थांबला. त्यांनी हात झटकले, खोतांना खुर्चीसकट बाहेर घेतलं, शटर ओढलं आणि कुलूप घातलं. खोतांना वाटलं सौदा झाला. ते पुढे आणखी पाच मिनिटं बोलले.

सुनीती कुलपाकडे बघत राहिली. तिच्या हातातल्या पदराचा पीळ झाला होता.

आप्पा किल्ली घेऊन घराकडे दोन पावलं आले आणि थांबले. त्यांनी यंत्रावर तळहात दाबून धरला. बराच वेळ ते तसेच उभे होते. वाक्य काही एवढं लांब नव्हतं.

मग त्यांनी अव्वांकडे बघितलं. "तुझा नंबर पहिला होता. तुझ्या म्हणण्याप्रमाणं गिरणी बंद केली." मग सुनीतीकडे वळले आणि किल्ली पुढे केली. "हिचा दुसरा. हिच्या म्हणण्याप्रमाणं उघडायची. दगड गुळगुळीत झालेत, त्यांना टाकी लावायला झालीय, बुधवारी माणूस बोलाव. आज नुसता गहू घे."

सुनीती काहीतरी म्हणाली. ते रांगेत गेलं. पण अव्वांनी ते ऐकलं, आणि आत जाऊन पाट मांडला. साडेनऊ ही काही जेवायची वेळ नव्हती, तरी आप्पा हात धुऊन त्यांच्यासमोर बसले.

शटर वर गेलं. खोत आधी आप्पांची, मग कोणाचीही वाट बघून, दहाच्या गाडीने निघून गेले.

सुनीतीच्या माहेरची मंडळी तेवढी आपलं बोलणं परत घ्यायला आली नव्हती. लग्नानंतरच्या भेटीत ती चांगली पाच-सहा तास अघळपघळ बोलून गेली होती. ते सगळं ऐकून होईतो चार वाजले. चार वाजून दहा मिनिटांनी खोतांचा नंबर लागला. तेव्हा आप्पा गिरणीच्या दारात उभे होते. आत गहू संपत आला होता, दगडांचा आवाज बदलला आणि सुनीतीने लगेच दगड वेगळे केले.

आप्पांनी खोतांचं सगळं म्हणणं शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं. मग ते रिकाम्या खुर्चीकडे वळले.

"तुमचं बरोबर हाय, खोत," ते म्हणाले. "पण तुम्ही जरा उशिरा आलात."