पलंगाचे तीस दिवस

पलंग मोडला तो सकाळी, मोजे घालायला चष्मेवाले त्याच्या कडेला बसले तेव्हा. मधली फळी काडकन दुभंगली आणि ते गादीसकट खाली गेले. फळ्या वाळवीने पोखरल्या होत्या. उठल्यावर त्यांनी पाठ चोळली नाही; आधी पेन शोधलं.

कपाटाच्या दारावर त्यांचा कागद चिकटवलेला होता. घरात काही नवं घ्यायचं असलं की तिथे तारखेसह लिहायचं आणि तीस दिवस थांबायचं. तिसाव्या दिवशी नवराबायको दोघांनाही ती वस्तू हवीच असली तर घ्यायची, नाहीतर खोडायची. दोन वर्षांत बावीस वस्तू खोडल्या गेल्या होत्या, आणि चष्मेवाल्यांना त्याचा कोण अभिमान! चष्म्याच्या ज्या दुकानात ते नोकरीला होते तिथे मात्र गिऱ्हाईक "विचार करून सांगतो" म्हणालं की ते काही परत येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असे.

"अहो, पलंग म्हणजे काय हौस आहे का?" बायको म्हणाली. "आजच आणा."

"नियम म्हणजे नियम. जमिनीवर झोपून कुणी मरत नाही."

चार दिवसांनी त्यांची पाठ धरली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कमरेचा पट्टा घ्यायला सांगितलं. पट्टा म्हणजे नवी वस्तू, तेव्हा तोही कागदावर चढला.

"म्हणजे पट्टा पलंगाच्या नंतर येणार?"

"फक्त चारच दिवसांनी," चष्मेवाले भिंतीला धरून ठामपणे म्हणाले.

आठव्या दिवशी गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवायला ते वाकले ते वाकलेच. मालकांनी त्यांना गाडी करून घरी पाठवलं. मग त्यांनी शेजारच्या पेन्शनर काकांची घडीची खाट मागून आणली. उसनवारीबद्दल नियम काही बोलत नव्हता. खाट आणल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तिचं कापड टर्रकन फाटलं.

"अहो, उद्या माझे व्याही मुक्कामाला येतायत!" काका कळवळले. "त्यांना निजवू कुठे?"

चष्मेवाले त्याच संध्याकाळी कण्हत बाजारात गेले आणि नवीकोरी, जाड गादीची खाट काकांकडे पोचवून आले.

"हिच्यासाठी नाही का तीस दिवस थांबायचं?" बायकोने विचारलं.

"ही खरेदी नव्हे, परतफेड."

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, आणि कोंबडी गेली होती काकांच्या व्याह्यांच्या वाट्याला. तरी चष्मेवाले डगमगले नाहीत. बचत म्हटली की थोडी कळ सोसावीच लागते, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले.

तिसाव्या दिवशी सकाळीच ते आंघोळ करून कागदापाशी उभे राहिले. पैसे खिशात होते, दुकानदाराला फोन झाला होता.

"पलंग. मला हवा. तुला?"

"नको," चहा गाळता गाळता बायको म्हणाली.

"काय?"

"जमिनीवर झोपायला लागल्यापासून माझी पाठ दुखायची थांबली. बारा वर्षं दुखत होती हो! आणि खोली बघा कशी ऐसपैस झालीय."

"अगं, पण माझी पाठ?"

"तुमचा पट्टा येतोय ना, चारच दिवसांनी."

तिने पेन घेतलं आणि पलंगावर सरळ रेघ मारली. इतक्या खुशीत ती कित्येक वर्षांत दिसली नव्हती. चष्मेवाल्यांना तिच्यासाठी खरंच बरं वाटलं आणि स्वतःची मनापासून कीव आली. त्यांनी तिच्या हातातून पेन घेतलं, कपाटाला टेकून थोडे वाकले आणि कागदाच्या तळाशी लिहिलं: 'पलंग, एकट्यापुरता.' पुढे आजची तारीख घातली.

बायकोने ते वाचलं आणि चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

"लिहा खुशाल," ती म्हणाली. "पण मी विचार करून सांगते."