भाऊलाल लाइनमनचा नंबर

भाऊलाल काकांचं घर माझ्या घराच्या बरोबर समोर आहे. मध्ये फक्त रस्ता, आणि तोही इतका अरुंद की आमच्याकडे फोडणी दिली की त्यांना ठसका लागतो. मागच्या उन्हाळ्यात या रस्त्यावर डांबर टाकलं, चपला चिकटत होत्या, म्हणून मी ओट्यावर उभी राहूनच त्यांना फोन लावला. ते त्यांच्या ओसरीत खुर्चीवर बसले होते. मी त्यांना दिसत होते, ते मला दिसत होते. माझ्याकडे बघत बघत त्यांनी फोन कानाला लावला आणि म्हणाले, "पडताळनी."

"काका, अहो मी समोर उभी आहे."

"दिसून राहिली मले. पन आवाज तुझाच आहे हे कशावरून? आजकाल मशीन कोनाचाही आवाज काढते. सांग, माझ्या न्हानीच्या दाराचा रंग कोनता?"

"हिरवा."

"हिरवा दिवाळीपर्यंत होता," असं म्हणून त्यांनी फोन कापला. मला एवढंच सांगायचं होतं की त्यांची शेळी माझ्या परसात शिरून भेंडी खाते आहे. आमची पडताळणी पुरी होईपर्यंत तिनं दोन वाफे साफ केले.

मी इथे सौंदडच्या शाळेत शिकवते, म्हणून काका मला मास्तरीण म्हणतात. ते स्वतः लाइनमन होते. तीस वर्षं खांबावर चढले-उतरले. रिटायर होऊन जमाना झाला तरी शर्टाच्या खिशात टेस्टर आहेच. फरक एवढाच, की पूर्वी ते लोकांना तारेपासून लांब ठेवायचे आणि आता इंटरनेटपासून ठेवतात. दोन्हीत त्यांना काही अंतर वाटत नाही. "लिंक म्हनजे तुटून पडलेली तार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "पाहायले मेलेली. हात लावला का जिती." हे ते चहाच्या टपरीवर सांगतात, लग्नाच्या पंगतीत सांगतात, आणि एकदा तर मयतीला सांगितलं. आणि गंमत अशी, की एवढं सांगणाऱ्या माणसाचा स्वतःचा फोन बटणांचा आहे. त्यावर लिंक उघडतच नाही. मी हे त्यांच्या लक्षात आणून दिलं तर म्हणाले, "म्हनूनच त मी जिता आहो."

माझ्या शाळेच्या लॅपटॉपचा पासवर्ड मी एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपलाच चिकटवला होता. शाळेतल्या निम्म्या बायका असंच करतात, मी काही वेगळी नाही. काकांनी ती चिठ्ठी पाहिली आणि तोंड असं केलं, जसं मी कुलपाला किल्ली बांधून ठेवली आहे. मग मला बसवून नियम सांगितले. देवाचं नाव नको, लेकराचं नको, जन्मतारीख नको, नवऱ्याचं तर मुळीच नको.

"मग ठेवू काय?"

"एकमेकाची सोयरीक नसलेल्या तीन गोष्टी जोड."

मी कढई, मुंगूस आणि पंचांग जोडलं. तिसऱ्या दिवशी मुंगूस आठवलं, कढई आठवली, पंचांग काही केल्या आठवेना. पोरांची माहिती भरायची शेवटची तारीख निघून गेली, वरून मला नोटीस आली. काकांना सांगितलं तर ते खूश. म्हणाले, "पाय बरं, तुलेच उघडून नाही राहिला, त चोराले कसा उघडते?" अशा माणसावर चिडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

लग्नाच्या पत्रिकांचं त्यांनी वेगळंच प्रकरण करून ठेवलं. मोबाइलवर पत्रिका म्हणून एखादी फाइल येते, दाबली की फोनच दुसऱ्याच्या ताब्यात जातो, हे खरं आहे. आमच्या ओळखीच्या एकाचं तसं झालंही. पण काकांनी त्यावरून सरळ फतवाच काढला, की हळदीचं बोट लागलेली कागदाचीच पत्रिका खरी, बाकी सगळ्या ठगाच्या. माझ्या नणंदेच्या पोरीची पत्रिका माझ्या मोबाइलवर आली, तर त्यांनी मला ती उघडू दिली नाही. आधी नणंदेला फोन लावायला लावला, आणि नवरदेवाच्या मामाचं नाव विचारायला सांगितलं. नणंदेला वाटलं मी स्थळाबद्दल शंका काढते आहे. ती अजून माझ्याशी तिरकंच बोलते.

पण काकांना फसवणं सोपं नाही, हे मात्र कबूल करावंच लागेल. मध्ये एका ठगानं त्यांना फोन केला, की तुमचं बिल थकलं आहे, आज लाइन कापतो. त्या बिचाऱ्याला काय माहीत समोर कोण आहे. काकांनी खुर्ची ओढली, नीट बसले आणि विचारलं, "कोनत्या डीपीवरून, कोनत्या ट्रान्सफॉर्मरवरून कापून राहिला?" तो गडबडला. "खांब नंबर सांग. हातमोजे घातले का? खाली मानूस उभा केला का? नाही केला? मराचं आहे का तुले?" तो हिंदीत काहीतरी ओरडला. काका त्याला हिंदीतच समजावू लागले, "देखो बेटा, जल्दी नहीं करनेका. मी घाई केली असती त आज भिंतीवर हार घालून बसलो असतो." वीस मिनिटं क्लास चालला. शेवटी ठगानंच फोन ठेवला. काकांना वाईट वाटलं, कारण अर्थिंगचं सांगायचं राहिलं होतं.

मग आमच्या शाळेत सायबर सुरक्षेचा कार्यक्रम झाला. बाहेरून एक साहेब आले होते. तासभर त्यांनी मोठ्या पडद्यावर दाखवलं, की अनोळखी लिंक दाबू नका, आपली माहिती कोणाला देऊ नका, ओटीपी तर बापालाही सांगू नका. टाळ्या झाल्या. मग साहेब म्हणाले, आता सर्वांनी हजेरीसाठी हा चौकोन मोबाइलनं स्कॅन करा, लिंक उघडेल, त्यात नाव, नंबर, जन्मतारीख भरा आणि आलेला ओटीपी टाका. सगळं गाव मान खाली घालून भरायला लागलं. मीही भरत होते. पहिल्या रांगेतून काका उठले.

"साहेब, तुमी आताच सांगितलं का अनोळखी लिंक दाबू नका."

"अरे काका, ये सरकारी लिंक है."

"ठगही असंच म्हनते."

साहेब हसले, मग हसू विरलं. वर अहवाल पाठवायचा होता, त्यात शंभर टक्के हजेरी हवी होती. शेवटी काकांसाठी एक कोरा कागद मागवला. त्यांनी सही केली आणि मोबाइल नंबरच्या जागी लिहिलं, "विचारू नये." दुसऱ्या दिवशी साहेबांच्या ऑफिसनं आभार म्हणून सगळ्यांची यादी नाव-नंबर-जन्मतारखेसकट गावाच्या ग्रुपवर टाकली. त्या यादीत फक्त भाऊलाल काका सुरक्षित होते.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. काकांचा मला खरा राग आला तो त्यांच्या डोळ्यापायी.

त्यांची मुलगी माधुरी नागपूरला असते. एक दिवस तिचा मला फोन आला, बोलता बोलता रडायलाच लागली. काकांचा उजवा डोळा जवळजवळ गेलाच होता. मोतीबिंदू पार पिकलेला, आतला दाबही वाढत चाललेला. डॉक्टर म्हणाले होते, महिन्याच्या आत ऑपरेशन करा, नाहीतर नजर परत येणार नाही, मग कोणी काही करू शकणार नाही. आणि हा माणूस जायला तयार नाही. का, तर दवाखान्याचा फॉर्म मोबाइल नंबर मागतो. का, तर तिथलं वायफाय उघडं आहे. "मॅडम, तुम्ही तरी समजवा," माधुरी म्हणाली. "बाबा आंधळे होतील हो."

माझं डोकंच फिरलं. असली कसली सुरक्षा, की माणूस डोळा घालवेल पण नंबर देणार नाही? आज यांना सोडायचं नाही असं ठरवून मी निघाले. घरी कुलूप. शेजारी म्हणाले, स्टेशनकडच्या ऑनलाइन सेंटरवर गेले. मी तिकडे गेले, तर काका टेबलाशी उभे, आणि बाकावर गावाच्या कडेच्या टोलीवरची, म्हणजे त्या छोट्या वस्तीतली, रुख्माबाई बसलेली. रुख्माबाई सत्तरीची आहे, एकटी राहते, निराधार योजनेच्या पैशावर तिचं चालतं. ते पैसे चालू राहायला नव्यानं नोंद करायची होती. काकांचा फोन वाजला. त्यांनी तो डाव्या डोळ्याला इतका जवळ नेला की नाकाला टेकला, आणि एकेक आकडा वाचत स्वतःच्या बोटानं कॉम्प्युटरवर दाबला.

"चुकला, काका," सेंटरवाला म्हणाला. "तिसऱ्यांदा. आता सिस्टिम उद्याच घेईल."

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. शेवटचा आकडा आठ होता, त्यांनी सहा दाबला होता. रुख्माबाई बाकावरून उठली. तिनं पिशवी उचलली आणि म्हणाली, "उद्या येऊ, भाऊ." काका तिच्याकडे बघेनात.

"हिचा ओटीपी तुमच्या फोनवर कसा?" मी विचारलं.

काकांनी फोन खिशात घातला. सेंटरवाला हसून म्हणाला, "मॅडम, अर्ध्या टोलीचा नंबर हाच आहे. पेन्शन, गॅस, राशन, धानाची नोंदणी, सारं काकाच्या मोबाइलवर येते."

मी भर सेंटरवर भांडले. ओटीपी बापालाही सांगू नका म्हणून गावभर ओरडणारा माणूस गावाचे ओटीपी खिशात घालून फिरतो? हे तुमच्या कोणत्या नियमात बसतं?

"नाही बसत," काका म्हणाले. "मले मालूम आहे. आधारची कार्डं निघाली तवा मशीनवाल्यानं नंबर मागतला. यायच्याजवळ फोन कुठचा? एकीले माझा देला. मग दुसरी म्हने मलेही दे. आता मी काढून घेतला त यायनं कोनाचा द्यावा?" मग म्हणाले, "मी कोनालेच सांगत नाही. ज्याचा असन त्याच्यासंगं येतो, माझ्या हातानं दाबतो. माझं एकट्याचं गेलं असतं त चाललं असतं, मास्तरीण. यायचं जाईन म्हनून भेतो मी."

माझा राग तिथेच मेला. इतके दिवस मी ज्याला खुळ म्हणत होते ते भय होतं, आणि स्वतःसाठी नव्हतंच. मला फार लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून गप्प बसले असते तर त्यांचा डोळा गेला असता. मी म्हटलं, "आज आठाचा सहा झाला. दुसराही डोळा गेला तर कोणाचे आकडे वाचाल? जाऊन या. दवाखान्याच्या फॉर्मवर माधुरीचा नंबर द्या आणि हा फोन माझ्याजवळ ठेवा."

फोन दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, हा तर त्यांचा पहिला नियम. दोन दिवस त्यांनी विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी माधुरी न्यायला आली, तेव्हा काका रुमालात गुंडाळलेला फोन घेऊन माझ्या ओट्यावर आले. सोबत चार्जर आणि पाठपोट लिहिलेले दोन कागद. मला वाटलं, सुरक्षेचे नियम असतील. फोन देताना त्यांनी हात लगेच सोडला नाही, मग सोडला आणि मागे न बघता स्टेशनकडे गेले.

कागदावर एकेकाचं नाव होतं. "सोनाबाई – गुडघे दुखतात. सेंटरवर पायी नेऊ नको, गाडीवर ने." "डोमाजी – ऐकू कमी येते. ओरडून सांगू नको, सारा बाजार ऐकते. पाटीवर लिहून दाखव." "रुख्माबाई – मेसेज आला का म्हणून रोज येते. आला नसला तरी पाहतो म्हणून बसव. चहा बिनसाखरेचा." असं खाली खाली. लाइनमनची सवय, एकही खांब सुटायला नको, म्हणून सगळ्यात शेवटी त्यांनी स्वतःचंही नाव लिहिलं होतं. "भाऊलाल – याचा काही येत नाही."

मी आधी हसले. मग मला रडू आलं.

आणि ते खरंच होतं. चार दिवस तो फोन माझ्याजवळ सारखा वाजत राहिला. सोनाबाईचा गॅस, डोमाजीचं धान, कोणाचं राशन. रुख्माबाईची नोंद काकांकडून पुन्हा चुकली होती, ती मी दुसऱ्याच दिवशी करून दिली, आकडे बरोबर दाबले. भाऊलाल काकांना मात्र चार दिवसांत कोणाचा एक मेसेज आला नाही, की कसे आहात म्हणून फोन आला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी माधुरीच्या फोनवरून ते स्वतः बोलले. "पट्टी काढली. भिंतीवरचं घड्याळ दिसून राहिलं." मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. त्यांनी लगेच विचारलं, कोणाकोणाचा आला. मी सगळं सांगितलं.

"अन् रुख्माबाई येते का?"

"रोज येते. आताही इथंच बसली आहे."

"तिचं काही राहिलं का?"

"काही नाही, काका. नोंद कधीच झाली. ती मेसेजचं विचारतच नाही आता. भाऊच्या डोळ्याचं काय झालं, एवढंच विचारते अन् बसते."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तिले सांग, चांगला आहे म्हना," काका म्हणाले.

मी रुख्माबाईकडे वळले. तेवढ्यात पुन्हा आवाज आला. "थांब. तू कायले सांगतेस? फोन तिच्या हातात दे."

रुख्माबाईनं तो उलटा धरला. मी सरळ करून तिच्या कानाला लावून दिला आणि चहा ठेवायला आत गेले.