दीनाबाईंच्या नऊ तारा

छत्तीस वर्षं पाटोद्याच्या पोस्टात टपाल वाटलं, पण एकही खोटी डिलिव्हरी दाखवली न्हाई. घर बंद असलं तर घर बंद लिहिलं, कुत्रं अंगावर आलं तर कुत्रं लिहिलं. कागद सांभाळण्यात या राधाकिशनचा हात धरणारा तालुक्यात कुणी न्हाई, हे आधी मान्य करा, मग पुढचं ऐका.

म्हणून तर दीनाबाई झिराडकरांची पत्रांची पेटी माझ्याकडं होती. दीनाबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई. मूळच्या अलिबागकडच्या ज्यू. शनिवारी चूल पेटवायच्या न्हाईत, चहाला आमच्याकडं यायच्या. एकुलती एक लेक हन्ना लग्न करून इस्राएलला गेलती. सत्त्याऐंशी साली दीनाबाई वारल्या आणि हन्नाताई तीन दिवसांनी येऊन पोचल्या. आईच्या पेटीकडं त्यांना बघवेना. माझ्या दारात ठेवली आणि परत गेल्या.

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीचा, सिपोराचा, व्हिडिओ कॉल आला. तिकडं त्यांच्या समाजाच्या जुन्या पत्रांचं, तारांचं संग्रहालय करतायत, पेटी पाठवाल का म्हणाली. मी म्हटलं, अशी पाठवतो की तुमचं संग्रहालय लाजून मान खाली घालंल. मग हन्नाताई फोनवर आल्या. वय त्र्याऐंशी, पण मराठी तशीच.

“राधाकिशन, मी निघालेय अशी तार केली होती आईला. मिळाली होती का रे तिला?”

“मीच दिली की ताई. सही घेतली.”

“वाचली का तिनं? मी येतेय हे कळून गेली का ती?”

अडतीस वर्षं बाई हा एकच प्रश्न घेऊन बसलेली. मला काही आठवेना. पेटी बघून रविवारी सांगतो म्हटलं.

पेटीत दोनशेवर पत्रं निघाली आणि नऊ तारा. आठ उघडलेल्या, एकीचं पाकीट तसंच चिकटलेलं. दुसऱ्याचं बंद टपाल उघडणं आपल्यात बसत न्हाई, म्हणून त्याला हात लावला न्हाई. बाकीच्या सावकाश वाचू म्हटलं, आधी कसर झटकून सगळं अंगणात उन्हाला घातलं. बायकोला, सुभद्राबाईला, राखणीला बसवलं. तारा एकीकडं, पत्रं एकीकडं ठेव, एवढं बजावलं आणि प्लास्टिकच्या फायली आणायला बीडची एसटी धरली.

दुपारी परत आलो तर आमच्या गल्लीत माणसं सतरंजीवर खाली मान घालून बसलेली. कोण गेलं कुणाला ठाऊक, पण रीत म्हणून मीही मान घालून बसलो. शेजारच्या पंडितनं पाठीवर हात ठेवला तसे डोळे भरूनच आले. थोड्या वेळानं हळूच विचारलं, “कोण गेलं रे?”

“कोण म्हंजी? तुमच्याच घरातलं की.”

मी उठून आत पळालो. सुभद्राबाई ओल्या केसांनी उंबऱ्यात बसलेली. पुढ्यात शेजारणींनी आणलेलं पिठलं-भाकरीचं टोपलं, आणि त्याच्या पलीकडं कागदाच्या तुकड्यांचा ढीग.

“तारा कुठायत?”

“फाडल्या. मयताची खबर कुनी घरात ठिवतं का? फाडून आंघूळ केली.”

आता सुभद्राबाईला अक्षर वाचता येत न्हाई. तिच्या माहेरी तार आली की आधी रडायचं आणि मग वाचायचं, अशी पद्धत. मयताचं पत्र तर वाचलं की फाडायचंच. मग तिनं नऊच्या नऊ फाडल्या, बंद पाकिटासकट. भर दुपारी डोक्यावरून आंघोळ करताना शेजारणीनं बघितलं आणि गल्लीला सुतक लागलं.

मी कपाळाला हात लावला. पण माणसं जमलीच होती. पंडितनं खळ शिजवली आणि सगळे तुकडे जुळवायला बसले. पहिली तार जुळली, “आजोबा पहिल्या वर्गात पास”. दुसरी, “मुलगा झाला, अंत्यविधी उरकला”. पुन्हा सोडवल्या, पुन्हा जोडल्या. तेव्हा कळलं की आठांत मयताची एकच. बाकी सगळी बारशी, लग्नं आणि परीक्षा. हन्नाताईंची तार मात्र त्यांत न्हाई.

राहिले बंद पाकिटाचे तुकडे. डिंक अजून धरून होता. हातांनी सुटं केलं आणि आतली ओळ जुळवली: “रजा मिळाली. मंगळवारी पोचते. हन्ना.”

मग मला सगळं आठवलं. बुधवारची दुपार. आजारी दीनाबाईंनी पडल्या पडल्या सही केली, पण पाकीट हातात घेतलं न्हाई. “टेबलावर ठेव. मला एकच लेक आहे, राधाकिशन. हे मी उघडणार नाही.” एवढी शिकलेली बाई, पण तारेला सुभद्राबाईएवढीच भ्यायली. इतरांना मी तार वाचून दाखवायचो. त्या दिवशी पिशवीत लई टपाल होतं. बरं म्हणालो आणि सायकलवर बसलो. शनिवारी बाई गेल्या.

रविवारी हन्नाताईंचा व्हिडिओ कॉल आला. सुभद्राबाई शेजारीच बसलेली.

“उघडली होती का रे?”

मी सुभद्राबाईकडं बघितलं. तिनं खाली बघितलं.

“उघडली होती ताई. माझ्यासमोर. मला दोनदा वाचायला लावली. मंगळवारी देवाला मलिदा करायचा म्हणाल्या, पोहे-नारळ आणायला मलाच पिटाळलं.”

हन्नाताईंनी पदर तोंडाला लावला. मग मधेच सिपोरानं विचारलं, तारेची अवस्था कशी आहे म्हणून.

“जरा फाटलीय,” मी म्हटलं. “वाचून वाचून.”

पेटी रवाना झाली. त्या बंद पाकिटाचे तुकडे तेवढे मी काढून ठेवलेत. सुभद्राबाई रोज विचारती, कावून ठिवलेत म्हणून.

आणि तुमी एक करा. सुरुवातीला खोट्या डिलिव्हरीबद्दल जे बोललो, तेवढं खोडून वाचा.