वामनकाकाजींचा टब

आमच्या शेजारचे वामनकाकाजी परगावी लग्नाला निघाले की आहेर विसरत, पण आंघोळीचा टब विसरत नसत. जस्ताचा, लांबोडका, दोन कड्यांचा. जबलपूरच्या सिविल लाइंसमधल्या एका साहेबाच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं, तेव्हा त्यांनी तो घेतला. म्हणजे बोली त्यांनी लावली. तिथून आमच्या गढा मोहल्ल्यापर्यंत डोक्यावर आणला मी.

तेव्हा आमच्या गल्लीत नळ नव्हता. बाकीचे लोक विहिरीवर दोन बादल्यांत आटोपत. काकाजींना ते पटत नसे. "बादलीनं आंघोळ म्हणजे झाडाले पाणी देणं. माणसानं पाण्यात बसावं." ते बसत, शेंदायचो मी. आंघोळीनंतर भरलेला टब एकट्याला कलंडवत नाही, म्हणून पुन्हा मीच. ऑफिसात रोज उशीर. आई म्हणायची, एकटा माणूस आहे, लाव जरा हात.

एकदा दोघांनाही मझौली गावच्या एका लग्नाचं बोलावणं आलं. टब बसच्या टपावर चढवताना कंडक्टरनं विचारलं, "भैया, भैंस नहलाओगे क्या?" धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. काकाजींनी त्याला टब नीट बांधायला सांगितलं.

लग्नघरी नवरीची म्हातारी आत्या होती. गुडघे धरलेले. न्हाणीत बसवत नव्हतं, म्हणून कित्येक महिने तिचं अंग खाटेवरच ओल्या फडक्यानं पुसून घेत. हे काकाजींच्या कानावर आलं. त्यांनी पाणी तापवायला लावलं, चादरींचा आडोसा करवला, तिला दोघींनी कसं धरून उतरवायचं ते बायकांना समजावलं आणि स्वतः बाहेर पाठ करून बसले. थोड्या वेळानं आतून म्हातारीचं हसू ऐकू आलं. पाणी गार होईस्तोवर बाहेर निघणार नाही, असा तिनं निरोप धाडला.

निघताना मी सवयीनं टब उचलायला गेलो, तर काकाजींनी हात धरला. "राहू दे. तिच्या कामी येऊन राहिला."

परतीच्या बसमध्ये माझे हात मोकळे होते आणि मी खुशीत होतो. काकाजी खिडकीबाहेर बघत होते. जबलपूर जवळ आलं तेव्हा म्हणाले, "आता सकाळी तुले यायचं काम नाही उरलं."

सुटलो एकदाचा, असं मी म्हणणार, तेवढ्यात त्यांनी बाहेर बघतच विचारलं, "चहाले तरी येशील?"

दुसऱ्या दिवशी गेलो, तर शेगडी पेटवून ते दारातच उभे होते. उशीर केला म्हणून बोलणी खाल्ली.