दोन हिरवे दिवे आणि चाळीस पेट्या

शिगेकीने दुकानात नवा फोन बसवून घेतला तेव्हा आईला एवढंच सांगितलं, "आई, तार एकच आहे, पण आत वाटा दोन. एकीवरून माझा कॉम्प्युटर, दुसरीवरून तुझा फोन. या डब्यावर दोन दिवे आहेत. हिरवे दिसले की समज, सगळं चालू आहे. हात लावू नकोस."

"मला कशाला लागतोय हात? माझं बोलणं वाळू सरायच्या आत संपतं," मात्सुएबाई म्हणाल्या.

खोटं नव्हतं ते. तीन मिनिटांना दहा येन पडतात म्हणून फोनशेजारी तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ असे. वाळू संपली की समोरच्याचं वाक्य अर्धं असो की पाऊण, मात्सुएबाई फोन ठेवत. सख्ख्या बहिणीला नवऱ्याच्या ऑपरेशनची हकिगत सांगायला तीन वेळा फोन करावा लागला होता. हे सगळ्या गल्लीला पाठ होतं.

शिगेकीने एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. घाई असली की त्याचा कॉम्प्युटर दोन्ही वाटा अडवून बसे. कुणी फोन उचलला तर कॉम्प्युटरने एक वाट सोडायची, अशी सोय डब्यात होती. पण आईच्या फोनने आपलं काम रेंगाळतं म्हणून या शहाण्याने ती बंद करून ठेवलेली. जूनमधल्या एका सकाळी त्याने कॉम्प्युटरला इंटरनेटवरून काहीतरी मोठं उतरवायला लावलं आणि ट्रक घेऊन तो तानाबेला मीठ आणायला गेला. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली.

आणि ओकुदा शेतकरी चाळीस पेट्या उमे, म्हणजे ती जर्दाळूसारखी आंबट फळं, घेऊन दारात.

"उद्या येणार होतास ना रे?"

"मी थांबलो असतो, काकू. फळं थांबेनात."

पिकलेले उमे त्याच दिवशी मिठात गेले नाहीत तर डागाळतात, आणि खारवलेल्या उमेंशिवाय या दुकानात विकायला दुसरं काही नाही. वर्षाची कमाई त्या पेट्यांत होती. दरवर्षी मात्सुएबाई फोन करत आणि गल्लीतल्या सहा बायका येत. त्यांनी हिसानोचा नंबर फिरवला. टूं टूं टूं. तोमीचा फिरवला. टूं टूं टूं. सहाही घरी तेच.

"सकाळी नऊला सगळ्या फोनवर! चुलीवर काय दगड ठेवलेत यांनी?"

डब्यावर दोन्ही दिवे हिरवेगार होते. म्हणजे आपला फोन ठणठणीत, खोट गल्लीतच. गुडघा धड असता तर चढ चढून एकेकीला ओढून आणलं असतं. त्या बांबूची काडी घेऊन एकट्याच देठं काढायला बसल्या. मध्येच उठून पुन्हा सहा नंबर फिरवत, पुन्हा येऊन बसत. तासाभरात दोन पेट्या झाल्या. उरलेल्या अडतीस पेट्यांकडे त्यांना बघवेना.

तिकडे हिसानो उसनं दिलेलं पातेलं मागायला त्यांना फोन लावत होती. टूं टूं टूं, म्हणजे बोलणं चालू. पाच मिनिटांनी, चालू. अर्ध्या तासाने, चालूच. तिने तोमीला फोन केला.

"मात्सुएच्या घरचा फोन अर्धा तास चालू आहे गं."

तोमी म्हणाली, "कधी गेली?"

त्या गल्लीत कुणी गेलं की शेजारच्या बायकांनी ॲप्रन बांधून जायचं आणि घरचा स्वयंपाक हातात घ्यायचा. दहा वाजता सहा पांढरे ॲप्रन दुकानात शिरले. हिसानोच्या हातात भाताचं मोठं भांडं, तोमीच्या हातात उदबत्ती.

पेट्यांमागून आवाज आला, "संपल्या का गप्पा?"

हिसानोने भांडं खाली ठेवलं. "अगं, तू... तुझाच फोन तासभर..."

"उदबत्ती कुणाला आणलीस, तोमी?"

"तुलाच. परत नेते."

"ठेव. कधीतरी लागेलच. ॲप्रन बांधलेत ना? मग हात धुवा."

अकरा वाजता शिगेकी आला. सहा ॲप्रन दिसले, आई दिसेना. तो मिठाच्या पोत्यावर बसून हंबरडा फोडणार, तेवढ्यात आई पेटीमागून म्हणाली, "रडून झालं की मीठ आत आण."

संध्याकाळी खारवणाच्या शेवटच्या पिंपावर दाबाचा दगड ठेवला गेला. हिसानोचा भात सगळ्यांनी खाल्ला.

"माझ्याच मयताचं जेवण," मात्सुएबाई म्हणाल्या. "मीठ कमी आहे."

"जिवंतपणी एवढं राबवते, मेल्यावर काय करेल," तोमी म्हणाली.

पण निघताना मात्सुएबाई गुडघा धरून फाटकापर्यंत गेल्या आणि सहाही जणींपुढे कमरेतून वाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हिसानोला फोन केला. आधी पातेल्याचं बोलल्या, मग फोन काही ठेवेनात.

"अगं, वाळू संपली असेल," हिसानो म्हणाली.

"उलटवली," मात्सुएबाई म्हणाल्या. "काल तुम्ही आल्या नसतात तर माझं दुकान गेलं असतं. तेवढं सांगायचं होतं."

शिगेकीने डब्यातली ती सोय त्याच दिवशी सुरू केली. पुढच्या जूनमध्ये ओकुदाचा ट्रक दारात लागला तशी आई त्याला म्हणाली, "त्या कॉम्प्युटरला दोन्ही वाटा देऊन टाक. अर्धा तास."

"अगं, मग फोन कसा लागेल? बायकांना बोलवायचंय ना?"

"म्हणून तर. दहा-दहा येनचे सहा फोन कोण करणार?"

पंचविसाव्या मिनिटाला चढावरून सहा ॲप्रन उतरताना दिसले. भाताचं भांडं होतं. उदबत्ती या वेळी कुणी आणली नव्हती.