गंजाचं खापर

जनूकाकांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या कमरेखालच्या भागाशी. भाईंदरच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी, पाणी किती वाजता येतं ते विचारायला मी तळमजल्यावर गेले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात एक लुंगी, दोन पाय आणि बाकीचा माणूस एका पोपटी रंगाच्या लोखंडी कपाटाच्या पोटात. मी ओरडणार इतक्यात कपाटातून आवाज आला, "चपला भायेर काढल्या काय? मंग ये. टॉर्च धर."

मी टॉर्च धरला. पाण्याची वेळ त्यांनी मला आजतागायत सांगितलेली नाही.

ते कपाट म्हणजे भांडी घासायचं मशीन. काका तरुणपणी आखातात एका हॉटेलच्या किचनमध्ये दुरुस्तीच्या कामाला होते. परत येताना त्यांच्या दोस्तांनी सोनं आणलं, टेपरेकॉर्डर आणले, ब्लँकेटं आणली. काकांनी हे धूड आणलं. हॉटेलवाला ते मोडीत काढत होता, ते यांनी उचललं. का, तर घरी नवी बायको होती, हिराकाकू, आणि तिनं भांडी घासू नयेत. तेव्हा यांच्या घरात धड नळही नव्हता. आधी मशीन आलं, मग मशीनसाठी नळ आला! पुढे घर पडलं, यांच्याच जमिनीवर ही इमारत उभी राहिली, तेव्हा बिल्डरशी तंडून काकांनी तळमजल्यावर मशीनला खास जागा घेतली.

"जर्मन पोलाद हाय, मस्करी न्हाय!" हे वाक्य काका दिवसातून कितीदा म्हणतात याला सुमार नाही. आल्यागेल्याला पाणी मिळायच्या आधी मशीन बघावं लागतं. कुरियरवाल्यानं बघितलंय, मीटर बघायला येणाऱ्यानं बघितलंय. आणि बघण्यासारखं काय, तर आतला पांढरा मुलामा जागोजागी उडालेला, त्याखाली तांबडा गंज, आणि ताटं ठेवायच्या जाळ्यांचं प्लॅस्टिक टोकाटोकाला सोलून निघालेलं.

हा गंज कुणामुळे लागला हे काकांना पक्कं ठाऊक होतं आणि ते कुणालाही सांगायचे. तेही काकूंच्या समोर.

"हिच्यामुलं! चिंचेच्या कालवनाचा टोप तसाच आत ठेवायची. जर्मनला काय ठाव आमचं कालवन?"

पाहुणे हसायचे. काकू खाली मान घालून पाहुण्यांच्या कपबशा उचलायच्या आणि मोरीकडे जायच्या. मला तिथं बसवायचं नाही. काका काय बोलतात यापेक्षा काकूंची ती मान बघायची लाज वाटायची. त्यांनी कित्येक वर्षांत मशीनमध्ये साधा चमचा ठेवलेला नव्हता. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "त्या मशीनला माझा हात लाभत न्हाय."

गेल्या वर्षीपासून मात्र काकूंची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ मिटत नाही. डॉक्टरांनी पाण्यात हात घालायला मनाई केली. भांड्यांना बाई लावून झाली, दुसरी लावून झाली. काकू बाईनं घासलेली भांडी परत घासायच्या. तेव्हा काकांनी मला जिन्यात गाठलं आणि सांगितलं, "पोरी, हिनं मशीनमधी एक ताट ठेवलं पायजे. आपन मशीन नवीकोरी करायची. मंग कशी न्हाय ठेवत बघू."

"आपण" ऐकून मी दोन पायऱ्या वर सरकले. मी विमा कंपनीत नोकरी करते. पण मला इंग्रजी वाचता येतं एवढ्यावर काकांनी मला मशीनची इंजिनीअर करून टाकलं.

सुरुवात केबिन रोडच्या बाजारात झाली. जाळ्यांच्या टोकांना काय लावावं हे काकांनी स्वतःच ठरवलं होतं. बायकांच्या सामानाच्या एका खच्चून भरलेल्या दुकानात ते शिरले, मला हाताला धरून पुढे ओढलं आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले, "नेलपॉलिश दिखाव. सफेद. गरम पानी में निकलना नहीं मंगता."

"आंटी के लिए, अंकल?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"नहीं, मेरे को लगाना है."

दुकानातल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. काकांनी एकेक बाटली उघडून अंगठ्याच्या नखावर लावून, फुंकर मारून, नखानं नख खरवडून बघितलं. वर "ये मॅडम इंजिनीर है, इनको सब मालूम है" अशी माझी ओळख! तेवढ्यात आमच्या ऑफिसातली एकजण टिकल्या घ्यायला आत आली. मी बांगड्यांच्या स्टँडमागे तोंड लपवलं, पण काकांनी तिथूनही मला हाक मारून बाहेर काढलं.

नेलपॉलिश पहिल्या गरम पाण्यात गेलं. पण काका हार मानतील तर काका कसले! समुद्राकडच्या डोंगरी गावात त्यांचा जुना ख्रिश्चन दोस्त राहतो, त्याच्या भावाची बोट आहे. काका बस पकडून गेले आणि बोटीला लावायच्या रंगाचा डबाच घेऊन आले. निळा. "आख्खा समुंदर सोसतो हा रंग," ते म्हणाले, "मशीन काय चीज हाय?" दोन दिवस मशीनच्या पोटात बसून त्यांनी ते आतून निळंशार केलं. मग चाचणी. काकूंनी ताटं दिली नाहीत म्हणून माझा चांगला डिनर सेट खाली गेला. मी नाही म्हणू शकले नाही. काकांना नाही म्हणायला अजून कुणाला जमलेलं नाही.

ताटं आली ती निळ्या नाजूक ठिपक्यांची. संध्याकाळी नणंदेच्या सासरची माणसं जेवायला होती आणि मला घाईत काही दिसलं नाही. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "डिझाइन छान आहे हो." नंतर त्यांनी श्रीखंड पुरीनं पुसून घेतलं आणि डिझाइन पुरीवर आलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. नणंद अजून तो विषय काढते.

त्या रागातच मी दुसऱ्या दिवशी खाली गेले. मनात म्हटलं, याचा एकदाच सोक्षमोक्ष लावू. फोनवर शोध शोध शोधून त्या जातीच्या जुन्या मशीनचं माहितीपुस्तक काढलं होतं. काकू मंदिरात गेल्या होत्या. मी फरशीवर बसून वाचत होते, काका टॉर्च धरून उभे. वाचता वाचता मिठाचा उल्लेख आला.

"काका, यात मीठ घालावं लागतं. तुम्ही घालता?"

"म्हंजे काय! आमाला इचारतेस?" काकांची छाती फुगली. त्यांच्या चार पिढ्या मिठागरात गेल्या होत्या. मिठागर बंद झालं तरी शेवटच्या पिकाचं खडेमीठ पोती भरभरून घरात होतं. "मशीनसंगं पुस्तक आलेलं, त्यात मिठाचं चित्र व्हतं. मी हिला बोललो, बघ, जर्मनला पन मीठ लागतं! घरचंच टाकतो. अजून, कुनाला दाखवायला मशीन लावली का टाकतो."

"कुठे टाकता?"

"कुठं म्हंजे? आत." बरणीतून मूठभर खडे काढून त्यांनी शेतात बी फेकावं तसे मशीनच्या तळाला फेकले.

मी पुस्तकातलं चित्र मोठं करून दाखवलं. खालच्या जाळीखाली, तळाशी एक झाकण असतं. ते फिरवून उघडायचं, मीठ त्याच्या आतल्या डबीत भरायचं, पाण्यातले क्षार काढून ते मऊ करायला. आणि बाहेर सांडलेला कण न् कण लगेच पुसून काढायचा, नाहीतर मशीन गंजतं.

काका वाकले. झाकण होतं. गंजाच्या खपल्यांनी आणि आता निळ्या रंगानं झाकलेल्या त्या झाकणाला काका इतकी वर्षं बोल्ट समजत आले होते. पक्कड लावून, तेल सोडून, जोर लावून उघडलं. आतली डबी कोरी करकरीत. तिच्यात मिठाचा एक कणही कधी गेलेला नव्हता.

काकांनी डबीत बोट फिरवून बघितलं. मग म्हणाले, "मिठागरावर लोखंडाचं फावडं कुनी न्हेत न्हाय. लाकडाचं न्हेतात. मीठ लोखंड खातं. मना ठाव हाय गं. ल्हान पोराला ठाव असतं."

एवढा मोठा माणूस माझ्यासमोर कान लाल करून बसला होता आणि कुठं बघावं ते मला कळेना. "काकूंना सांगा," मी म्हटलं.

"सांगतो," ते म्हणाले. "तू कुनाला बोलू नको."

पुढचे बरेच दिवस काकांचा आवाज बंद होता. मीटरवाला आला आणि मशीन न बघता गेला. मशीनचं काम मात्र त्यांनी या वेळी नीट केलं. निळा रंग खरवडून काढला, गंज पॉलिश पेपरनं घासून पत्रा पांढरा केला, व्हिनेगरनं पुसला, वाळवला, आणि दोन ट्यूब मिसळून लावायचं ते गरम पाणी सोसणारं लेपण पातळ थरांनी लावलं. एक थर पुरता सुकल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. जाळ्या आम्ही रिक्षानं हाटकेशला एका कोटिंगवाल्याकडे नेल्या. तो म्हणाला, "ये क्या है, मुर्गी का पिंजरा?" एरवी काकांनी त्याला जर्मन पोलादावर तासभर ऐकवलं असतं. ते नुसते "हां" म्हणाले.

मी रोज विचारत होते, "सांगितलंत?" ते रोज नाहीची मान हलवायचे. माझा पारा चढत होता. शेवटी एकदा म्हटलं, "खापर फोडताना चारचौघं लागतात, मग हे सांगायला का नाही?" हे बोलून मलाच ओशाळल्यासारखं झालं. काका पुन्हा मशीनच्या पोटात शिरले.

मशीन तयार झालं त्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. एकट्यानं धीर होत नव्हता, हे दिसतच होतं. पांढरंशुभ्र पोट उघडं टाकून मशीन उभं होतं. ओट्यावर जेवणाची भांडी होती, कालवणाचा टोपही होता.

"हिरे, ठेव," काका म्हणाले.

काकू म्हणाल्या, "नको. माझा हात लाभत न्हाय तिला."

काका भिंतीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आताही गिळणार. पण बोलले.

"तुझा हात न्हाय. माझं मीठ. आख्ख्या गावाला तुझं नाव सांगितलं मी. मीठ मीच टाकत व्हतो."

"मना ठाव हाय," काकू म्हणाल्या.

काकांनी वळून बघितलं.

"मी पन मिठागरावरचीच पोर हाय. पयल्या महिन्यातच मना मिठाचं कललं. मी भांडी ठेवत रायले असते, तर तुमी रोज मूठभर टाकलं असतं. वरसात भोक पडलं असतं तिला. येवढ्या लांबून माझ्यासाठी आनलेली. म्हनून ठेवायचीच सोडली."

"मंग बोलली का न्हाय?"

"काय बोलू? मिठागरवाल्याच्या पोराला मीठ कलत न्हाय, असं?" काकू पदरानं हात पुसत म्हणाल्या. "तुमाला लाज वाटली असती."

त्या घरात मी उभी आहे याची मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. मी चपला शोधायला लागले. काकूंनी सुजलेल्या बोटांनी टोप उचलला, तो काकांनी त्यांच्या हातातून काढून घेतला, त्यांना स्टुलावर बसवलं आणि स्वतः मशीनपुढे मांडी घातली. मग एकेक भांडं हातात घेऊन ते विचारायला लागले, "हा हितं ठेवू काय? आनि हा?" मी दारात होते तरी मला ते जेमतेम ऐकू आलं.